न जळणारं कुंपण

"ते सगळं खरं बुवा, पण न जळणारं कुंपण कोणतं, ते सांगा ना!"

वामन परब हे तिसऱ्यांदा विचारत होता. झिलूबुवा देवळाच्या पायरीवर बसून भाजलेले काजू फोडत होते. त्यांनी एक गर त्याच्या हातावर ठेवला.

"खा. गरम आसा."

वामनने तो तोंडात टाकला. चव काही लागली नाही.

झिलूबुवांनी अर्ध्या गावाला पखवाज शिकवला होता. वामन दहाव्या वर्षी पहिली थाप त्यांच्याकडून शिकला आणि पहिली थप्पडही त्याने त्यांचीच खाल्ली. तेव्हापासून लेकीचं स्थळ असो की घराचा पाया, बुवांना विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. विचारल्यावर तो बुवांशी वाद घाली, ही गोष्ट वेगळी.

त्यातून वामन परब मुंबईला चौतीस वर्षं आगीच्या बंबावर होता. निवृत्त होऊन गावी आला, डोंगराच्या उतारावर घर बांधलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात वरून वणवा उतरला. कुंपण गेलं, गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. आग विझवणाऱ्याच्या दारात आग! गाव तोंडावर हसलं नाही, एवढाच काय तो गावाचा मोठेपणा.

यंदा त्याच्या बायकोने, सुलभाने, बजावलं होतं. "शिमग्याच्या आत चांगलं कुंपण उभं राहिलं नाही, तर मी लेकीकडे चालले. पुन्हा तसला दिवस मला बघायचा नाही."

सुलभा एकदा बोलली की बोलली. तिच्याशिवाय त्या घरात राहायचं, हे वामनला जमणारं नव्हतं. सोमवारी गवंडी येणार होता, आणि कुंपण कशाचं हे अजून ठरलं नव्हतं.

"थांबा. दाखवतोच तुम्हाला," वामन म्हणाला.

त्याने कापडी पिशवी उपडी केली. बांबूची कामटी, लोखंडी पत्र्याचा तुकडा, सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा आणि एक जांभ्याचा चिरा, कोपरा उडालेला. देवळापुढच्या अंगणात त्याने चारी वस्तू ओळीने मांडल्या. बुवांच्या चुलीतलं पेटतं लाकूड आणलं.

"काय पेटयतस रे?"

"परीक्षा घेतोय."

"घे."

कामटी बघता बघता पेटली. सिमेंटचा पत्रा आधी गप्प राहिला, मग फाडकन तडकला. लोखंडाला काहीच झालं नाही. बुवांनी त्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"चटको बसलो."

"तापतो तो. आणि इथल्या पावसात गंजतो." वामनने लाकूड चिऱ्याला लावून धरलं. चिरा नुसता काळा पडला. "बघा! चिरा! ह्याला आग काही करू शकत नाही."

जणू चिरा त्यानेच घडवला होता.

बुवा उठले. आंब्याखालचा सुका पातेरा त्यांनी ओंजळभर गोळा केला आणि चिऱ्याला टेकवून ठेवला.

"आता पेटय."

वामनने पेटवला. पानं भडकली. वाऱ्याची एक झुळूक आली, एक जळतं पान उचललं गेलं, चिऱ्यावरून पलीकडे गेलं आणि वामनच्या रिकाम्या पिशवीवर बसलं. तो धावेपर्यंत पिशवी धुमसायला लागली. बुवांनी तांब्यातलं पाणी ओतलं.

"चिरो जळलो?"

"नाही."

"पिशयेक भोक पडला."

वामनचे कान लाल झाले. आगीच्या आधी ठिणगी पोचते, हे त्याने मुंबईत शेकडो लोकांना सांगितलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

"म्हणजे चिरा नको?"

"नको कोण म्हणता? चिरोच घाल. बरो आसा."

"आणि पातेरा?"

"झाड."

"आतून?"

"भायरसून पण. धा हात."

"रोज?"

"तू रोज जेवतस मा?"

वामनने खिशातून घडी घातलेला कागद काढला. रात्र रात्र बसून आखलेला नकाशा होता तो. घराच्या चारी बाजूंनी चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी भिंत, पुढे लोखंडी कवाड.

"गडगा घराच्या भिंतीला कुठेच टेकवलेला नाही, बघा. मध्ये मोकळी जागा सोडलीय." इथे त्याचा आवाज पुन्हा जरा फुगला. "आणि वरून काटी."

त्या मुलखात गडगा घातला की वर बोरी-बाभळीच्या फांद्या दाबून ठेवायच्या, गुरं उडी मारत नाहीत. आजा घाली, बाप घाली, म्हणून नातूही घाली. कुणी कधी विचार केला नव्हता.

बुवांनी कागदावर बोट ठेवलं.

"चिऱ्याच्या डोक्यार सरपण कित्याक?"

वामनने कागदाकडे पाहिलं. बुवांकडे पाहिलं. मग पेन्सिल काढून काटी खोडली. आपणच आपल्या गडग्यावर वात लावून ठेवत होतो, हे ध्यानात येऊन त्याला हसूच आलं.

"बरं. काटी नाही. मग गडगाच उंच घेतो. सगळीकडून सहा फूट."

बुवा पुन्हा काजू फोडायला बसले. दगडाचा टक टक आवाज सुरू झाला.

"गेल्या साली काय काय गेला?"

वामनला असला हिशेब तोंडपाठ असे. चौतीस वर्षं त्याने तेच लिहिलं होतं.

"पुढची कामट्यांची वई सगळी जळाली, कवाडासकट. गोठ्याचं छप्पर अर्धं. मागची वई पाच हात मोडली."

"जळली?"

"जळली नाही, मोडली. इंदूवैनीने. लाथा घालून आडवी केली."

इंदूवैनी म्हणजे त्याच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. घर त्याच्या पाठीमागेच. हद्दीवरच्या एका फणसावरून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"कित्याक मोडल्यान?"

"पाणी घेऊन आली होती. पाण्याची बाव तिच्या अंगणात आहे ना."

"पुढच्या दारान नाय येवची?"

"पुढचं कवाड पेटलं होतं."

टक. टक.

"तू खय हुतस?"

"बाजाराला गेलो होतो."

"आणि सुलभा?"

"घरात... एकटी."

"मगे आग इझवल्यान कोणी?"

वामनला तो दिवस दिसायला लागला. तो धावत पोचला, तेव्हा गोठा नुसता धुमसत होता. पायरीवर दोघी बायका बसल्या होत्या. तोंडं काळी, लुगडी ओली, शेजारी चार-पाच रिकाम्या कळश्या. सुलभाचा हात वैनीच्या हातात होता. आणि हा, बंबावरचा वामन परब, दोघींच्या समोरून जाऊन मागची मोडलेली वई मापत बसला होता. वर म्हणालाही होता, "कामट्या काढून बाजूला ठेवता आल्या असत्या."

वैनी कळश्या उचलून, त्याच मोडक्या वईतून परत गेली होती.

त्याला लाज वाटली. मनापासून वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, का कोण जाणे, फार बरं वाटलं. सुलभा त्या दिवशी एकटी नव्हती. वर्षभर आपण कामट्या मोजत राहिलो, आणि एवढी मोठी गोष्ट मोजायची राहूनच गेली.

त्याने कागद गुडघ्यावर पसरला. घराच्या मागच्या बाजूची रेघ, जिथे सहा फूट लिहिलं होतं, ती तो बघत राहिला. मग आकडा खोडला.

"बुवा..."

"बोल."

"मागचा गडगा... किती उंच घालू?"

आवाजात आता बंबावरचा साहेब उरला नव्हता. दहा वर्षांचा वामन विचारत होता.

बुवांनी फोडलेले काजू पानावर जमवले.

"भरलेली कळशी घेवन तुझ्या वयनीक ओलांडूक जमात... तितकोच."