घरोघरी मासे
बोडीटोला गावाच्या सामाईक तलावातील मासे घरोघरी पोहोचतात का, हे तपासण्यासाठी सरकारी तपासनीस शाल्मली आली. पण मत्स्यसमितीचे अध्यक्ष गुणाजीराव प्रत्येक दारात तिच्याशेजारी उभे राहत. त्यांच्या धाकाने सारे म्हणत, “मिळतात ताई, दर आठवड्याला!” चुलीला मात्र कुठेच माशांचा वास नव्हता. लोकांचे हे खोटे उत्तरच नोंदवले, तर गावाचा वाटा कायमचा बुडणार होता.

अखेर आपल्या घरापाशी गुणाजीरावांनी मिशीला पीळ दिला. “लिहा मॅडम, घरोघरी मासे शिजतात!”

शाल्मलीने त्यांच्या ओसरीकडे पाहिले. “लिहिते, काका. पण मग गावातली सगळी मांजरं तुमच्याच ओसरीवर कशी?”

मागे जमलेल्या गावकऱ्यांतून फुलाबाई ओरडली, “आमची मनी तं तिथंच बाळंत झाली, ताई!”

हशा उसळला, धाक पळाला. शाल्मली पहिल्या घराकडे पुन्हा निघाली. या वेळी एकटीच.