घूसबाईंचा निर्जळी उपास

माणूस अजून खाणी खणायला शिकला नव्हता, तेव्हाची गोष्ट. न पेटवता ऊब देणाऱ्या दगडांसाठी एका घुशीने अख्खा डोंगर पोखरला. उकरलेली माती तळ्यात लोटली, काठावर चार रोपं लावली आणि सभा भरवून सांगितलं, "मी जबाबदारीने उकरते. तळ्याचं पाणी पूर्वीपेक्षाही शुद्ध आहे!" बेडूक आधीच मेले होते, त्यामुळे मध्येच कुणी ओरडलं नाही.

म्हातारी म्हैस तेवढी पुढे आली. "घूसबाई, मग पहिला घोट तुम्हीच घ्या."

"अगबाई, आज नेमका माझा निर्जळी उपास!"

"असू द्या. उद्या इथेच येऊन सोडा."

तेव्हापासून घूसबाईंना रोजच निर्जळी उपास असतो. डोंगरापलीकडच्या झऱ्यावर मात्र रोज सकाळी त्यांच्याच पावलांचे ताजे ठसे दिसतात.