जांभळाची सावली

फार पूर्वी एका सरदाराचा लवाजमा रानवाटेवर मुक्कामाला थांबला. त्या मोकळ्या जागेत एकच डेरेदार जांभूळ होतं. सरदाराचा घोडा शमशेर त्याला बांधला, तसा तो झाडाची साल सोलू लागला, टापांनी मुळं उकरू लागला.

शेजारचं ओझ्याचं खेचर म्हणालं, "अहो, झाड मरेल! पुढ्यात गवत आहे की."

"गवत तुझ्यासारख्यांनी खावं," शमशेर फुरफुरला. "झाड मेलं तर मरू दे. आपण उद्या निघणार."

पुढच्या वैशाखात लवाजमा पुन्हा तिथेच उतरला. जांभूळ वाळून नुसतं खोड उरलं होतं. भर दुपारी शमशेरला त्याच खोडाला बांधलं. घामाने निथळत तो खेकसला, "कसलं दळभद्री रान! साधी सावलीसुद्धा नाही!"

गवत चघळत खेचर म्हणालं, "होती की, सरकार. आपणच खाल्लीत."