दोन कुलपं

बोर्डीच्या बायकांनी चिकूच्या फोडी सुकवून विकायला कंपनी काढली आणि अध्यक्ष शेवंताबाई सावे यांची झोपच उडाली. आज ही सही, उद्या तो दाखला. इकडे कंपनीला मान्यता मिळेना आणि तिकडे चिकू काही थांबेनात. शेवटी त्या शहरातल्या कचेरीत, मान्यता देणाऱ्या गुळवणी साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "काल दुपारी मी स्वतः पाहणीला आलो होतो. तुमच्या ऑफिसला कुलूप. म्हणजे कंपनी नुसती कागदावर. यादीतून नाव काढून टाकतो."

"काल दुपारी आम्ही सगळ्या इथंच होतो साहेब, तुमच्या सहीसाठी. तुमच्याही खोलीला कुलूप होतं."

"अहो, मी कचेरीच्याच कामाला गेलो होतो ना. खोली बंद असली म्हणून कचेरी बंद होते का?"

"तेच म्हणते मी," शेवंताबाई म्हणाल्या. "आम्हीही कंपनीच्याच कामाला आलो होतो. आता दोन्ही कुलपं धरा, नाहीतर एकही धरू नका."

शिपाई हसू लपवायला खिडकीकडे वळला. साहेबांनी कागद पुढे ओढून सही केली.

खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. साहेब बाहेर गेले की त्यांच्या दारावर हल्ली पाटी असते: 'कुलूप आहे, कचेरी चालू आहे.'