अर्ध्या डब्याची कोंबडी

“आणि तो फस्सकन झालेला आवाज, फादर? तो आठवतो तुम्हांला?”

ऑस्विन विचारत होता. तो आवाज त्याने लहानपणी ऐकला होता. फादरांच्या हाताखाली वेदीसेवक म्हणून नुकताच उभा राहू लागला होता तेव्हा. चर्चमधली मिस्सा संपली होती, पांढरा झगा अजून अंगावर होता, आणि चर्चमागच्या केळीतून आवाज आला... फस्स.

त्याला वाटलं, नाग. झगा गुडघ्यापर्यंत उचलून तो पळणार, तोच पाठोपाठ फादर इजिदोरांचं हसू ऐकू आलं. डोकावून पाहिलं तर फादरांच्या हातात बिअरचा डबा, आणि समोर निखाऱ्यांवर एक अख्खी कोंबडी दोन पायांवर ताठ उभी. जणू आता प्रवचनच सुरू करणार.

त्या दिवशी त्याला पंखाचा तुकडा मिळाला. आपणही फादर व्हायचं, हे त्याच दिवशी ठरलं. कोंबडीमुळे की त्या हसण्यामुळे, हे त्याचं त्यालाही कधी नीट सांगता आलं नाही.

आता तो ब्रदर ऑस्विन होता आणि येत्या रविवारी त्याची गुरुदीक्षा होती; त्या दिवसापासून तो फादर होणार होता. वसईकडच्या त्यांच्या छोट्या गावात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बँड ठरला होता. आखातातून मावश्या उतरल्या होत्या. ऑस्विनचे पाय जमिनीला लागत नव्हते. बोलताना शब्द एकमेकांच्या अंगावर चढत होते.

फादर इजिदोर आता निवृत्त होते. चर्चमागच्या वाडीत, केळी आणि पानवेलींच्या मधोमध, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दीक्षेच्या वेळी बिशप सगळ्यांसमक्ष विचारतात, हा तरुण लायक आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्या प्रश्नाला उभं राहून उत्तर द्यायचं काम यंदा फादर इजिदोरांकडे आलं होतं.

ऑस्विन सकाळी सकाळी आला होता तो त्यासाठीच.

“रविवारी तुम्ही... हो म्हणाल ना?”

फादरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. आज वारा पडलेला आहे, म्हणाले, कोंबडी उभी करायला याच्याइतका चांगला दिवस नाही. आणि लहान मुलासारखे हात चोळत आत गेले.

ऑस्विनला हसू आलं. मग त्यालाही राहवेना. त्याने बाह्या सारल्या.

लोखंडी पिंप आडवं चिरून फादरांनी त्याची शेगडी केली होती, वरच्या अर्ध्याचं झाकण. ऑस्विनने कोळसे पेटवले, फुंकून फुंकून डोळे लाल केले. निखारे दोन्ही कडांना सारायचे आणि मधली जागा मोकळी ठेवायची, हे फादरांनी काठीने दाखवलं. कोंबडीला आतून-बाहेरून मीठ, लसूण, व्हिनेगर आणि बाटली मसाला चोळताना ऑस्विन आपलं पहिलं प्रवचनही म्हणून दाखवत होता. प्रवचन नम्रतेवर होतं. त्यात तीन ठिकाणी लॅटिन होतं. फादर मान डोलवत होते. मधूनच म्हणाले, मांडीत मसाला अजून जाऊ दे.

फाटकाकडून खोकल्याचा आवाज आला.

“फादर, सांभाळा हं,” फाटकाबाहेरून कोणीतरी ओरडून सांगितलं. “आमचा पोरगा अंडं उकडायला गेला तर पातेलं जाळतो.”

तो पावलू, ऑस्विनचा बाप. तोच ऑस्विनला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला होता. आता स्कूटर टेकवून, हेल्मेट पोटाशी धरून, उन्हात उभा होता. पावलूचा आवाज मोठा. सणाला दोन डबे बिअर पोटात गेली की तो लग्नाची गाणी म्हणायचा आणि बायाबापड्यांना नाचायला ओढायचा. साऱ्या गावाला तो हवा असायचा. ऑस्विनला मात्र सेमिनरीत, फादर होण्याचं शिक्षण घेताना झालेल्या मित्रांसमोर त्याला कुठे ठेवावं, ते कळत नसे.

फादरांनी विचारलं, बापाला आत का नाही बोलावलंस?

ऑस्विन म्हणाला की आपलं खाजगी बोलणं होतं, म्हणून बाबांना त्यानेच सांगितलं, तिथेच थांबा.

“हं...” फादर म्हणाले.

त्यांनी आतून बिअरचे दोन डबे आणले. एक ऑस्विनच्या हातात दिला. ऑस्विनने चावी ओढली. फस्स. दोघंही एकदम हसले. फादरांनी सांगितलं, अर्धी बिअर माणसाची, अर्धी कोंबडीची. अर्धा डबा पिऊन संपवायचा, मग कोंबडी त्याच्यावर बसवायची. आतल्या वाफेने मांस लुसलुशीत होतं, बाहेरून कातडी कुरकुरीत.

मग त्यांनी ऑस्विनच्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं, घे, पी.

ऑस्विन जरा ताठ झाला. दीक्षेआधीच्या एकांतवासात त्याने व्रत घेतलं होतं, दारूचा थेंब नाही. ते कसं घेतलं, का घेतलं, कोणत्या संताच्या नावाने घेतलं, हे तो सांगू लागला. सांगता सांगता त्याने भरलेला डबा शेगडीच्या मधोमध ठेवला, कोंबडी त्याच्यावर बसवली, तिच्या मानेत कांद्याचं बूच मारलं आणि झाकण लावलं.

फादर त्या भरलेल्या डब्याकडे बघत होते. त्यांचं पिणं डॉक्टरांनी कधीच बंद केलेलं होतं. ते ओट्यावर बसले.

व्रताची गोष्ट लांबली. ती संपल्यावर फादरांनी सहज विचारलं, रविवारी भाकर आणि द्राक्षारस वेदीपाशी कोण आणणार? हा मान दीक्षा घेणाऱ्याच्या आईबापाचा असतो.

“आई आणि मोठे मामा.”

“आणि पावलू?”

“बाबा... मागे बसणार आहेत.”

“तो म्हणाला तसं?”

ऑस्विनने शेगडीकडे पाहिलं.

“मी म्हणालो.”

फाटकाबाहेर पावलू कुणा जाणाऱ्या बाईला सांगत होता की आत त्याचा मुलगा फादरांबरोबर कोंबडी भाजतोय, आणि रविवारपासून ह्याच हातांनी तो मिस्सा करणार. हे त्याने तिला दोनदा सांगितलं. बाई हसत पुढे गेली. पावलू पुन्हा एकटाच उभा राहिला.

एवढ्यात झाकणाखाली खडखड सुरू झाली.

ऑस्विन धावला. झाकण उचलतो तर काठोकाठ भरलेल्या डब्यातून फेस उसळत होता. तो निखाऱ्यांवर सांडला, चर्र करून राखेचा लोट उठला, आणि कोंबडी हळूच कलली, कलली, आणि तोंडघशी राखेत पडली.

“गेली का?” पावलूने फाटकावरून मान लांब केली. “मी येऊ का रे?”

“नको, बाबा. तुम्ही थांबा तिथेच.”

पावलूने मान मागे घेतली.

ऑस्विनने चिमट्याने कोंबडी उचलली. त्याचा पांढरा सदरा राखेने काळवंडला होता. कान तापले होते. डबा भरलेला होता हे तुम्ही बघत होतात, मग मला सांगितलं का नाही, असं त्याने फादरांना विचारलंच.

“तू व्रताचं सांगत होतास,” फादर म्हणाले. “मध्ये कसं बोलणार?”

यावर ऑस्विनला हसावं की रडावं, कळेना. आणि मग त्याला हसूच आलं, खूप आलं, फादरही पोट धरून हसले. फाटकाबाहेर पावलूही हसू लागला, का हसायचं ते माहीत नसताना.

काही बिघडलं नव्हतं. कोंबडी धुतली, पुन्हा मसाला चोळला. निखारे सरळ केले, नवे घातले, ते भराभर फुलले. ऑस्विनला पुन्हा जोर चढला. आता ती उभी राहिल्याशिवाय मी इथून हलत नाही, म्हणाला. त्याने दुसरा डबा उघडला, फस्स, आणि थबकला.

फादर पिणार नव्हते. तो पिणार नव्हता.

अर्धा डबा रिकामा तर व्हायला हवा होता.

त्याला युक्ती सुचली. ओट्याशेजारीच एक केळ होती. त्याने वाकून डबा केळीच्या बुंध्याशी कलता केला.

फादर इजिदोर ओट्यावरून उठले. त्यांनी आपला म्हातारा, सुरकुतलेला हात डब्याच्या तोंडाखाली धरला.

बिअर तळहातावर पडली. फेस बोटांतून गळू लागला, मनगटावरून बाहीत शिरला. फादरांनी हात काढला नाही.

ऑस्विनने घाईने डबा सरळ केला.

“फादर...”

फादर हात तसाच धरून उभे होते. कोळसे तडतडत होते. वाडीत लसणाचा आणि व्हिनेगरचा वास भरला होता. बाहेर पावलू एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता, आणि हेल्मेटवर बोटांनी बँडचा ठेका धरत होता.

“फादर, रविवारी... तुम्ही बिशपना काय सांगाल?”

फादरांनी ओला हात लुंगीला पुसला.

“ती केळीला नको घालूस, पोरा,” ते म्हणाले. “केळ काही सकाळपासून उन्हात ताटकळत उभी नाही.”

ऑस्विनने डबा दोन्ही हातांनी सरळ धरला. मग तो फाटकाकडे, बाबांकडे, चालू लागला.