पिटुकली आणि तानूमावशीची फटफट गाडी

मांडी घाला. बोट तोंडातून काढा. हं. ऐका आता.

एक होतं कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं. लिंबाएवढं. नाव पिटुकली.

पिटुकली होती आईच्या पंखाखाली. तिथे ऊबच ऊब. डोळे मिटत आले होते.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजात एक गाडी आली. तानूमावशीची गाडी. म्हातारी गाडी.

फट्! फट्! फटाफट् फट्!

आई दचकली. पक् पक् पकाक्! भुर्रकन उडाली. शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसली.

पंख गेला. ऊब गेली. पिटुकली उघडी पडली.

"आई, आई, खाली ये!"

आई म्हणाली, "मी नाही येणार! गाडी गप्प होऊ दे. मग उतरते."

एवढी मोठी आई. पण भित्री ती भित्रीच!

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गाडीकडे गेली.

"गाडी गं गाडी, गप्प बस.
आई उतरत नाही,
मला पंख नाही."

गाडी म्हणाली, "मी काय हौसेनं ओरडते? माझं गॅस्केट फाटलंय."

"ते काय असतं?"

"कुकरच्या झाकणात रिंग असते ना? तसंच. माझं इंजिन आणि धुराची नळी, दोघांच्या मधे बसतं. ते फाटलं, की धूर फटीतून पळतो. फट् फट् करतो. यासीनचाचांना नवं बसवू दे. मग मी गप्प."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. यासीनचाचा गॅरेजचे मिस्त्री. हात काळे, दाढी पांढरी.

"चाचा हो चाचा, गॅस्केट बसवा.
गाडी गप्प होत नाही,
आई उतरत नाही,
मला पंख नाही."

चाचा म्हणाले, "कसं बसवू, बेटी? नळीचा नट गंजलाय. पिळला तर तुटेल. नट सुटू दे. मग बसवतो."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नट होता गाडीच्या पोटात. लालबुंद गंजका.

"नटा रे नटा, सुट की.
चाचा गॅस्केट बसवत नाहीत,
गाडी गप्प होत नाही,
आई उतरत नाही,
मला पंख नाही."

नट म्हणाला, "ऊं हूं. मी असा सुटत नसतो. कुप्पीला तेल पाजू दे. मग सुटतो."

बघा! एवढासा नट, आणि ऐट केवढी!

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तेलाची कुप्पी फळीवर बसली होती. नाक हे एवढं लांब.

"कुप्पी गं कुप्पी, तेल दे.
नट सुटत नाही,
चाचा गॅस्केट बसवत नाहीत,
गाडी गप्प होत नाही,
आई उतरत नाही,
मला पंख नाही."

कुप्पीने नाक मुरडलं. "तापल्या नटावर तेल? धूर होईल, चटका बसेल! नट गार होऊ दे. मग देते."

"तो गार का होत नाही?"

"ती मावशी आहे ना! सारखी गाडी सुरू करते. तिला थांबू दे."

खरंच की! तानूमावशी गाडीत बसली होती. किल्ली फिरवत होती. "बघू बाई, आवाज गेला का?"

फट्! फट्! फटाफट् फट्!

आवाज कसला जातोय? आई मात्र आणखी वरच्या फांदीवर गेली.

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी गं मावशी, थांब की.
कुप्पी तेल देत नाही,
नट सुटत नाही,
चाचा गॅस्केट बसवत नाहीत,
गाडी गप्प होत नाही,
आई उतरत नाही,
मला पंख नाही!"

तानूमावशी म्हणाली, "थांबू कशी? मला बारशाला जायचंय! गाडी गप्प होऊ दे. मग मी थांबते."

आता काय करायचं, सांगा!

मावशी थांबली तर गाडी गप्प होणार. गाडी गप्प झाली तर मावशी थांबणार. म्हणजे कोणीच हलणार नाही. पिटुकलीची चोच थरथरली. डोळ्यांत पाणी आलं.

पण ती रडत बसली नाही. ती चिडली!

मावशी खाली उतरली. अंबाडा सुटला होता. किल्ली ठेवली पायरीवर, आणि लागली केस बांधायला.

टुण्‌कन उडी! पिटुकली किल्लीवर जाऊन बसली. पिसं फुगवली. मान आत घेतली. गप्प.

"अगं ए, ऊठ! किल्ली दे माझी!"

पिटुकली हलली नाही.

मावशीने हात पुढे केला. चाचा ओरडले, "हां हां, मावशी! बसलेली कोंबडी कोणी उठवतं का?"

मावशीने हात मागे घेतला. जीभ चावली. तिच्याही घरी कोंबड्या होत्या. अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवायची नसते. तिच्या आईने शिकवलं होतं, तिच्या सासूने शिकवलं होतं.

"अहो, पण ही बोटभर पोर! आणि खाली तर माझी किल्ली!"

"असू दे. बसली म्हणजे बसली."

काय करते बिचारी मावशी? बसली पायरीवर. पदराने वारा घेत बसली. चहा आला. फुर्र फुर्र करून प्याली. पिटुकली तिच्याकडे टकामका बघत होती. उठली मात्र नाही.

मावशी थांबली.
म्हणून नट गार झाला.
नट गार झाला,
म्हणून कुप्पीने तेल दिलं. टप् टप् टप्!
कुप्पीने तेल दिलं,
म्हणून नट सुटला. कुर्र कुर्र!
नट सुटला,
म्हणून चाचांनी गॅस्केट बसवलं. ठाक ठूक, ठाक ठूक!

चाचा म्हणाले, "बेटी, आता ऊठ. किल्ली दे."

पिटुकली उठली. मावशीने किल्ली फिरवली.

घुर्र घुर्र घुर्र घुर्र.

बस्स. एवढंच. गाडी गप्प झाली!

"अगं बाई, ही माझीच गाडी का?" मावशी म्हणाली. आणि गेली बारशाला. घुर्र घुर्र.

गाडी गप्प झाली,
म्हणून आई उतरली. एक फांदी. दुसरी फांदी. धप्प!

आई म्हणाली, "मी काही घाबरले नव्हते हं. मी शेंगा बघायला गेले होते."

हो का? पिटुकली हसली. आईच्या पंखाखाली शिरली. आधी डोकं. मग पोट. मग इवलीशी शेपटी.

आई खाली, पिल्लू आत.
गोष्ट झाली, धुवा हात!