नथ दिसेल एवढीच फुलं

एका गावात एक फुलारी राहत होता. त्याच्या हाताला असं वळण होतं की नुसतं झेंडूचं तोरण बांधलं, तरी रस्त्याने जाणारा थांबून मान वर करायचा. गावात लग्न ठरलं की लोक आधी त्याच्याकडे धावायचे आणि मग भटजींकडे. आता एवढं कौतुक झाल्यावर माणसाचे पाय जमिनीवर राहणं कठीणच. "माझ्या मांडवात शिरलं की लोक नवरा-नवरीकडे बघायचं विसरतात!" असं तो छाती फुगवून सांगायचा. बिचाऱ्या नवरा-नवरीला काय वाटत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नाही.

त्या मुलखातल्या लग्नाच्या पंगतीची एक रीत होती. समोरासमोर पाटांच्या दोन रांगा मांडायच्या आणि मधल्या जागेत चौरंगावर फुलांची आरास करायची. ही आरास म्हणजे फुलाऱ्याचा जीव की प्राण.

एकदा गावातल्या एका मोठ्या घरी लग्न निघालं. नवरीचे वडील दिवाणजींचे स्नेही, त्यामुळे खुद्द दिवाणजी जेवायला येणार होते. राजवाड्यात सणावाराच्या सजावटीसाठी ते एक चांगला माणूस शोधत आहेत, हे फुलाऱ्याच्या कानावर आलं होतं. झालं! त्याची झोपच उडाली. त्याने पंगतीसाठी फुलांचं शिखर करायचं ठरवलं. केळीच्या खुंटावर कामट्यांचा सांगाडा, त्यावर झेंडूचे थर, थरांच्या मधे शेवंती, कडेने निशिगंध आणि टोकाला मोगऱ्याचा कळस. देवळाचं शिखर जणू चौरंगावर उतरवायचं होतं.

तो सांगाडा बांधत बसला असताना नवरी स्वतः त्याच्याकडे आली.

"फुलारीमामा, एक मागणं आहे. पंगतीतली फुलं जरा बुटकी ठेवाल का?"

"बुटकी?" फुलाऱ्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

नवरी खाली बघत म्हणाली, "माझे बाबा आणि थोरले काका कित्येक वर्षं बोलत नाहीत. बांधावरच्या एका फणसावरून भांडण झालं. तो फणस कधीच वाळून गेला, भांडण मात्र अजून हिरवंच आहे. काकांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली आहे, मामा. मी पाया पडून बोलावलं म्हणून ते यायला तयार झालेत. मांडवात दोघं एकमेकांना टाळतील, पण पाटावर बसल्यावर कुठे जाणार? त्यांची पानं मी समोरासमोर मांडायला सांगितली आहेत. एकदा नजरेला नजर मिळाली ना, की पुढचं सगळं आपोआप होईल."

फुलारी उठून उभा राहिला. सांगाडा त्याच्या छातीपर्यंतच येत होता. त्यावरून पलीकडे बघत तो म्हणाला, "हे काय, पलीकडचं सगळं दिसतंय की! तू उगाच घोर लावून घेतेस, पोरी."

नवरी तशीच परत गेली. ती गेल्यावर शेजारी बसलेली फुलारीण हारातली गाठ आवळत म्हणाली, "तुम्ही उभ्याने बघितलंत. लोक काय उभ्याने जेवतात होय?"

"तू आपले हार कर," फुलारी गुरकावला. बायकोचं म्हणणं बरोबर असलं की त्याला जरा जास्तच राग यायचा.

लग्न लागलं. वऱ्हाड जेवून उठलं आणि मग घरच्या माणसांच्या पंगतीची वेळ झाली. दिवाणजीही मुद्दाम याच पंगतीला थांबले होते. शिखर पाहून माणसं चित्रासारखी उभी राहिली. कोणी म्हणालं, "डोळ्यांचं पारणं फिटलं!" फुलारी खांबाला टेकून उभ्या-उभ्याच सगळं कौतुक कानांत साठवत होता.

शिखराच्या एका बाजूला नवरीचे वडील बसले, दुसऱ्या बाजूला थोरले काका. पानं वाढून झाली, श्लोक म्हटला गेला. तेवढ्यात शिखरातलं एक शेवंतीचं फूल सुटून खाली पडलं. आपल्या कामात एवढीही खोट दिवाणजींना दिसायला नको, म्हणून फुलारी धावत गेला आणि ते उचलायला चौरंगापाशी उकिडवा बसला.

बसल्यावर त्याने सहज मान वर केली. समोर झेंडू, वर झेंडू. पलीकडे माणूस आहे की भिंत, काही कळायला मार्ग नव्हता. पाटावर बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

तो चौरंगाच्या टोकाशी बसला होता, म्हणून मान वळवली की त्याला एकट्याला दोन्ही बाजू दिसत होत्या. इकडे थोरल्याने हळूच डावीकडे मान वाकवली, मग उजवीकडे. फुलांपलीकडे काहीच दिसेना. उठून बघावं तर अभिमान आडवा येत होता. तिकडे धाकट्याचं, म्हणजे नवरीच्या वडिलांचंही तेच चाललं होतं. त्याने वाढप्याला खालच्या आवाजात विचारलं, "दादा जेवतायत का रे नीट?" ते थोरल्याला ऐकू जाणार कसं! थोरल्याने पुढ्यातला भात तसाच ठेवला आणि शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला म्हणाला, "बघितलंस? अजून माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही त्याने. माझी पगडी आण. आपण निघू."

फुलाऱ्याने ते ऐकलं. भरल्या पानावरून माणूस उठला, की त्या घराशी असलेलं नातं उठलं, असं त्या मुलखात मानायचे. वाढपाला उभ्या असलेल्या नवरीने काकांचं बोलणं ऐकलं होतं. तुपाचं भांडं हातात धरून ती जागीच थांबली. तिने फुलाऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण राग नव्हता.

नेमके त्याच वेळी दिवाणजी म्हणाले, "वा, फुलारीबुवा! असं काम राजवाड्यात शोभेल."

हे ऐकायला फुलारी आयुष्यभर थांबला होता. तो क्षणभर शिखराकडे बघत राहिला. मग कमरेची सुरी काढली आणि सांगाड्याची बांधणी सरसर कापून टाकली. कळस कलंडला. थर एकावर एक घसरत चौरंगावर आणि जमिनीवर पसरले. पंगतीत एकच गलका झाला. "अरे, वेड लागलं का याला!"

गलका शमला तेव्हा दोघे भाऊ समोरासमोर होते. थोरला पाटावरून अर्धा उठला होता, तो तसाच थांबला.

त्याची नजर धाकट्याच्या डोक्यावर गेली. मग थोरला म्हणाला, "किती रे पिकले केस तुझे!"

धाकट्याने आपल्या पानातली जिलबी उचलली आणि गुडघ्यांवर सरकत, फुलं तुडवत चौरंगापर्यंत आला. "दादा, एवढी खा. तुला पाकात मुरलेली आवडते ना, तशीच करून घेतली आहे."

थोरलाही पुढे सरकला. तोंडात जिलबी आणि डोळ्यांत पाणी, अशी त्याची अवस्था झाली. नवरी तर तुपाचं भांडं खाली ठेवून सगळ्यांदेखत रडली.

दिवाणजींनी फुलाऱ्याला जवळ बोलावून विचारलं, "एवढं देखणं काम हाताने का मोडलंस?"

"मधे येत होतं, महाराज," तो एवढंच म्हणाला.

दिवाणजींना ते काही पटलं नाही. स्वतःच्या कामाची अशी नासाडी करणारा माणूस राजवाड्यात कसा चालणार? ते काम दुसऱ्याच कोणाला मिळालं. फुलाऱ्याला वाईट वाटलं नाही असं नाही. घरी तो बरेच दिवस कोणाशी धड बोललाही नाही. पण सासरी जायला निघालेल्या नवरीने जमिनीवरचं एक शेवंतीचं फूल उचलून केसांत खोवलं होतं, तेवढं आठवलं की त्याचा जीव थोडा शांत व्हायचा. पुढच्या वर्षी दोघा भावांनी मिळून बांधावर नवा फणस लावला आणि रोपाला तोरण बांधायला फुलाऱ्यालाच बोलावलं.

त्यानंतरही तो लग्नांत आरास करायचा, आणि पहिल्यापेक्षा सुंदर करायचा. फक्त काम संपलं की एका पाटावर स्वतः बसायचा, समोरच्या पाटावर बायकोला बसवायचा आणि विचारायचा, "मी दिसतो का गं?"

"दिसता की. आणि माझी नथ?"

नथ दिसली नाही, तर तो मुकाट्याने फुलांचा एक थर उतरवायचा.

तात्पर्य: माणसं एकमेकांना भेटावीत म्हणून सोहळा मांडायचा असतो; आपली हौस त्यांच्या मधे येऊ लागली, तर कितीही देखणी असली तरी ती खाली उतरवावी.